घाटावरचं मिठागर

रवींद्र इंगवले पुन्हा बोलू लागला, तेव्हा त्यानं पहिल्यांदा मीठ मागितलं.

वृषाली त्याला चमच्यानं वरणभात भरवत होती. त्याच्या तोंडून शब्द फुटून वर्ष उलटून गेलं होतं. तोंडातला घास त्यानं सावकाश चावला, गिळला आणि तिच्याकडं बघून म्हणाला, "अळणी आहे. मीठ दे."

तिचा चमचा हवेतच राहिला. मग ती उठून केंद्राच्या स्वयंपाकघरात धावत गेली, वाटीभर मीठ घेऊन आली, त्यातलं चिमूटभर त्याच्या ताटात वाढलं आणि भिंतीकडं तोंड करून पोटभर रडली. आपला नवरा परत आला, असं तिला त्या दिवशी वाटलं. तसं वाटण्यात तिची काही चूक नव्हती.

रवींद्र कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. कोणती गाडी कुठल्या फलाटाला, कोणत्या मार्गानं, हे तो आयुष्यभर कर्ण्यावरून सांगत आला. एसटी विजेवर गेली, फलाटांचे बोर्ड आपले आपण बदलू लागले, तरी प्रवासी बोर्ड सोडून याच्या खिडकीशी यायचे. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांतच तो विसरायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग पेठेतल्या गल्ल्या, मग स्वतःच्या घरातलं न्हाणीघर. मूलबाळ नव्हतं. घराच्या खालच्या मजल्यावर वृषालीचं ब्युटी पार्लर होतं. गिऱ्हाइकाच्या अर्ध्या केसांना मेंदी लावून झालेली असायची आणि हा बाहेर पडून रस्त्याला लागलेला असायचा. ती तशाच मेंदीच्या हातांनी त्याच्यामागं पळायची.

सुरुवातीला सरकारी योजनेतून एक बाई यायची. ती रवींद्रला अंघोळ घालायची आणि तेवढ्या वेळात वृषालीची एक डुलकी व्हायची. मग योजना बंद पडली. जिल्हा रुग्णालयातला स्मृतिविभागही गुंडाळला गेला. या रोगावरच्या औषधाला पैसा द्यायला पुष्कळजण तयार होते. पण रोग्याच्या उशाशी जे माणूस बसतं, त्याच्यासाठी कुणाकडं काही नव्हतं.

पाटण रस्त्याला, डोंगराच्या पोटाशी असलेलं 'सांगाती' हे संशोधन केंद्रही तेव्हा बंद पडायच्या बेतात होतं. अनुदान संपलं होतं, निम्मे डॉक्टर निघून गेले होते. अशा वेळी बी. के. घरत नावाच्या उद्योगपतीनं आपल्या ट्रस्टमार्फत ते चालवायला घेतलं. कोकण किनाऱ्यावर बंदराजवळ त्याची मोठी शीतगृहं होती. त्याची स्वतःची आई याच रोगानं, याच केंद्रात गेली होती. केंद्रात पुन्हा रोगी घेणार आहेत हे कळल्याबरोबर वृषालीनं रवींद्रचं नाव नोंदवलं.

तिथल्या मुख्य डॉक्टर ऋचा देशमाने चाळिशीच्या होत्या. बोलायच्या सरळ. पहिल्याच भेटीत त्यांनी वृषालीला समोर बसवून सगळं समजावून सांगितलं. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा एकेक वळलेला भाग असतो. आपण जे पाहतो, ऐकतो, ते विजेच्या ठोक्यांच्या रूपानं तिथं जातं. तिथून बाहेर पडताना त्या ठोक्यांची चाल बदललेली असते आणि ती बदललेली चाल म्हणजेच आठवण. ही चाल बदलणाऱ्या पेशीच या रोगात आधी मरतात. मग आत आलेलं बाहेर निघत नाही. जुनं उघडता येत नाही आणि नवं साठत नाही. डॉक्टर तिथं केसाहून बारीक तारा बसवणार होत्या. कानामागं, कातडीखाली, नाण्याएवढं यंत्र. आत शिरणारे ठोके ते ऐकणार, बाहेर काय पडायला हवं होतं ते ठरवणार आणि मेलेल्या पेशींच्या वतीनं तेवढे ठोके देणार.

"पण काय पडायला हवं होतं, ते यंत्राला कसं कळणार?" वृषालीनं विचारलं होतं.

खरी अडचण तीच होती. आधीच्या पद्धतीत माणूस बरा असतानाच महिनोन् महिने त्याचा मेंदू ऐकून घ्यायचे आणि त्याची स्वतःची चाल यंत्राला शिकवायचे. हे काम फार वेळखाऊ, फार खर्चाचं होतं, म्हणून तर अनुदान आटलं. रवींद्रच्या बाबतीत ती वेळही टळून गेली होती. तेव्हा सगळ्यांसाठी मिळून एकच तयार चाल वापरायची, असं ठरलं होतं. ती प्रत्येकाला थोडीफार जुळवून घ्यायची. शिवाय प्रत्येक यंत्र दिवसभरात जे शिकेल ते केंद्राच्या संगणकाला कळवणार होतं, आणि दुसऱ्या दिवशी ती सुधारणा सगळ्यांच्या यंत्रांत उतरणार होती.

"म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावायचा यांना," वृषाली म्हणाली.

"नंबर जुळवून घेतो ना आम्ही, काकू."

वृषालीला ते पटलं. न पटायला दुसरा रस्ताच नव्हता.

यंत्र बसलं, रवींद्रनं मीठ मागितलं आणि मग तो झपाट्यानं सुधारत गेला. स्वतःच्या हातानं जेवू लागला, लुंगी नेसू लागला, व्हरांड्यात फेऱ्या मारू लागला. वृषाली एक दिवसाआड कराडहून येई. तिला पाहिलं की त्याचा चेहरा उजळायचा. नावानं मात्र तो हाक मारत नसे. तिनं एकदा विचारलं, अहो, मी कोण? तेव्हा तो नुसताच हसला होता, लहान पोरानं काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यावर मोठी माणसं हसतात तसा.

मग एक दिवस ती डबा उघडत असताना तो म्हणाला, "राहू दे. मी जेवले."

तिला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण थोड्या वेळानं तो उठला आणि म्हणाला, "मी जरा पडते." परतीच्या वाटेवर तिनं स्वतःची समजूत घातली. वर्षभर गंजून पडलेली भाषा, व्याकरण थोडं घसरणारच. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं. सांगताना त्या समोरच्या पडद्याकडं बघत होत्या.

माघातल्या एका सकाळी ती अंगणात त्याची दाढी करत होती. त्यानं मान वर केली, नाक फुलवून हवा हुंगली आणि म्हणाला की वारा पडलाय, आज आगरात पाणी आटणार नाही. कसलं आगर, असं तिनं हसत विचारलं. त्यानं सांगायला सुरुवात केली. भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत न्यायचं, उन्हानं ते जड होत जातं, शेवटच्या वाफ्यात सायीसारखं मीठ धरतं. मग पाण्यात उभं राहून ते ओढायचं आणि बांधावर राशी घालायच्या. पायांना भेगा पडतात, त्यात मीठ शिरतं, पण काही दिवसांनी तेही कळेनासं होतं.

रवींद्रचा जन्म कराडचा. समुद्र त्यानं आयुष्यात एकदाच पाहिला होता, लग्नानंतर गणपतीपुळ्याला गेले तेव्हा, आणि पाण्यात पाय घालायलाही तो तयार नव्हता. वृषालीनं वस्तरा बाजूला ठेवला. त्याच्या तळव्यांवरून तिनं हात फिरवला. तळवे मऊ होते.

त्याच आठवड्यात ते ढग आले. दुपारची वेळ होती, ऊन रखरखीत. एकाएकी डोंगरामागून काळं आभाळ वर सरकलं. केंद्रात तेव्हा बारा रोगी होते आणि सगळे व्हरांड्यात आपापल्या खुर्चीत बसलेले होते. एक निवृत्त न्यायाधीश होते, निंबाळकर, त्यांना सगळे जज्जसाहेब म्हणत. मलकापूरच्या शाळेतल्या कुंभार मॅडम होत्या. बाकीचे असेच आसपासच्या गावांतले. सगळ्यांनी एकदम मान वर केली. मग एक शब्द न बोलता सगळे उठले आणि अंगणात उतरले.

बागेतल्या वाटेसाठी पांढऱ्या बारीक खडीचा ढीग आणून टाकलेला होता. जज्जसाहेबांनी दोरीवर वाळत घातलेली चादर ओढली, दुसरं टोक रवींद्रनं धरलं. कुंभार मॅडमनी ढिगाचा उतार हातानं थापून सारखा केला. ज्यांना धड चालता येत नव्हतं तेही दगड वेचून आणून चादरीच्या कडांवर ठेवत होते. कुणी कुणाला सांगत नव्हतं, कुणी कुणाच्या आड येत नव्हतं. बारा माणसांचे चोवीस हात एकाच बाईचे असावेत, असं ते चाललं होतं. ढीग झाकून झाला तेव्हा सगळ्यांनी हात झटकले. सारख्याच पद्धतीनं, आधी उजवा, मग डावा. आणि परत येऊन खुर्च्यांवर बसले.

पाऊस आलाच नाही. ढग तसेच पुढं सरकले. वृषाली खांबाला धरून उभी होती.

ती तडक डॉक्टरांच्या खोलीत गेली. या वेळी ऋचा देशमानेंनी पडद्याकडं पाहिलं नाही. त्यांनी खरं ते सांगितलं. सगळ्यांना दिलेली ती एक चाल सुंदराबाई घरत यांची होती. म्हणजे घरतांच्या आईची. केंद्राच्या पहिल्या रोगी त्याच. त्या शेवटपर्यंत इथं होत्या आणि त्यांच्याइतकी सलग, स्वच्छ नोंद दुसऱ्या कुणाच्या मेंदूची झालीच नव्हती. ही चाल म्हणजे नुसती रीत, त्यात मजकूर नसतो, अशी सगळ्यांची समजूत होती. बरणी स्वच्छ धुऊन दिली, असं वाटलं होतं. पण मुरलेला वास गेलेला नव्हता. रोग्यांच्या मेंदूत स्वतःचं फारसं काही उरलेलं नव्हतं. त्या रिकाम्या जागेत सुंदराबाईंचं मिठागर हळूहळू भरत गेलं. प्रत्येकाच्या ज्या पेशी जिवंत होत्या त्याप्रमाणं कुणाला त्यांचं लग्न आठवत होतं, कुणाला बाजार, कुणाला मुलगा.

"घरतांना ठाऊक आहे?"

"रविवारी या," डॉक्टर म्हणाल्या. "स्वतःच बघा."

रविवारी बी. के. घरत एकटेच आले. साधा शर्ट, साठी उलटलेले, खांदे किंचित वाकलेले. रोगी व्हरांड्यात ओळीनं बसले होते. घरत पहिल्या खुर्चीसमोर गेले आणि वाकले. जज्जसाहेबांनी त्यांच्या गालावर तळवा ठेवला.

"भिक्या, जेवलास का रं?"

घरतांनी मान डोलावली आणि पुढच्या खुर्चीशी गेले. कुंभार मॅडमनी तोच तळवा तसाच ठेवला. "भिक्या, जेवलास का रं?" मग तिसरा, मग चौथा. आवाज निराळे, कुणाचा घोगरा, कुणाचा चिरका, पण शब्दांवरचा दाब तोच, शेवटी किंचित हेल काढणं तेच. वृषालीच्या नवऱ्यानंही तेच विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर जी माया होती ती तिनं आजवर कधी पाहिली नव्हती. मूल व्हावं म्हणून तिनं किती खटाटोप केले होते. आणि आता याला मुलगा मिळाला होता, तिच्यावाचून.

नंतर घरत तिच्याशी बोलले. लपवाछपवी त्यांनी केली नाही. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून यांचं नाव भिकाजी. आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं जगात कुणी उरलं नव्हतं. केंद्र ताब्यात घेतल्यावर एका समारंभात जज्जसाहेबांना शाल पांघरत असताना त्यांनी गालावर हात ठेवून ते वाक्य म्हटलं, आणि घरत सगळ्यांदेखत खाली बसले. तेव्हापासून त्यांनी एक रविवार चुकवला नव्हता. डॉक्टर म्हणत होत्या की ही चाल काढून टाकू, प्रत्येकाची वेगळी बांधायचा रस्ता शोधू. पण तोवर सगळी यंत्रं बंद ठेवावी लागणार होती. घरतांनी, सवडीनं बघू, असं सांगितलं होतं. पैसा त्यांचा होता. सवड त्यांनी ठरवायची होती.

"ज्या आगरावर आई राबली तिथं आता माझीच गोदामं आहेत, ताई," ते म्हणाले. "ती जागा फक्त या बारा जणांच्या डोक्यात उरलीय."

बोलता बोलता वृषालीनं त्यांना विचारलं की शेवंता कोण. कारण गेले काही दिवस रवींद्र तिला त्या नावानं हाक मारत होता. ती निघाली की तिचा पदर धरायचा आणि म्हणायचा, "शेवंते, उघाडीकरं जाव नको गो."

घरतांनी सांगितलं. शेवंता त्यांची थोरली बहीण. त्यांच्या जन्माआधी, सात वर्षांची असताना, उधाणाच्या दिवशी उघाडीपाशी ती वाहून गेली होती. आईनं तिचं नाव घरात कधी काढलं नाही. घरतांना ते शेजाऱ्यांकडून कळलं होतं, तेही एवढंच.

तिथून पुढं वृषालीला केंद्रात जाणं जड होऊ लागलं. ती जायची, त्याच्याशेजारी बसायची, त्याचे केस विंचरायची. तो तिच्याशी प्रेमानं बोलायचा. त्याचं प्रेम खरंच होतं, पण तिच्या वाटणीचं नव्हतं. शेवटी एका सकाळी त्याचे केस कापताना, कानामागचा तो उंचवटा बोटाला लागला तेव्हा, ती थांबली आणि तिनं सरळ विचारलं, "तुम्ही कोण आहात?"

त्यानं वळून पाहिलं नाही. "सुंदरा."

"आणि हे हात?"

तो हात उलटेसुलटे करून बघत राहिला. "तुझ्या घरवाल्याचे. भला माणूस आहे."

"ते कुठं आहेत?"

"इथंच आहे, आत. कोपऱ्यात बसून असतो. बोलत नाही कधी." मग जरा वेळानं, "झोप आलीय त्याला. पण माझी बडबड चालू असते, त्याला झोप लागत नाही."

कात्री तिच्या हातातून पडली. ती उचलायला वाकली तेव्हा वरून आवाज आला, रवींद्रचाच, पण दमलेल्या म्हाताऱ्या बाईचा.

"मी एकदा गेले होते ना गो? मग मला परत का उठवलं?"

डॉक्टर देशमानेंनी सगळं ऐकून घेतलं. हे यंत्रानं रचलेलं आहे, असं त्या म्हणाल्या. मेंदूला प्रश्न विचारला की तो उत्तर बनवतो. आत कुणी बसलेलं नसतं, ना सुंदराबाई, ना इंगवलेकाका. वृषालीनं विचारलं की तुम्हाला नक्की माहीत आहे का. डॉक्टरांनी खूप विचार केला आणि नाही म्हणाल्या.

यंत्र थोडा वेळ बंद करून बघायची सोय होती. वृषालीनं तसं करायला लावलं. रवींद्रच्या चेहऱ्यावरून काहीतरी ओसरत गेलं. जबडा सैल पडला, नजर कुठंच राहिली नाही. तिनं हाका मारल्या. त्याला ऐकू गेलं की नाही तेही कळेना. मग डॉक्टरांनी यंत्र चालू केलं आणि त्या चेहऱ्यात पुन्हा माणूस आलं, तिच्याकडं बघून हसलं. ते हसू बघून तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच तिला भीती वाटली. घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. जो आत आहे, असलाच तर, त्याला झोपू द्यायचं. नसला तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडत असेल तर फक्त तिचं.

तिनं संमती काढून घेतल्याचं कळवलं, तेव्हा घरत स्वतः पार्लरमध्ये आले. ड्रायरखाली बसलेल्या बायका टकमका बघत राहिल्या. वृषालीनं त्यांना मागच्या खोलीत बसवलं. त्यांनी पैशाची भाषा केली नाही, दमही दिला नाही. एवढंच म्हणाले की बाकीच्या अकरा जणांना मी आठवतो, शेवंता फक्त इंगवल्यांना आठवते. त्या दिवशी काय झालं ते आईनं कधी सांगितलं नाही. एकदा ऐकू द्या, मग तुम्ही म्हणाल तसं.

वृषालीला नाही म्हणवलं नाही.

त्या रविवारी घरत रवींद्रसमोर जमिनीवर बसले. रवींद्र सांगत गेला. सकाळ होती, उधाणाचं पाणी बांधाला लागलेलं. शेवंतेनं परकर वर खोचला होता आणि पाण्याबरोबर येणारी कोळंबी धरायची म्हणून ती टोपली घेऊन निघाली होती. केसांत अबोली. बांधावरून उड्या मारत चाललेली. इथपर्यंत येऊन तो थांबला. मग हात वर करून त्यानं हाक मारली, उघाडीकडं जाऊ नको म्हणून, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सकाळ होती, उधाणाचं पाणी बांधाला लागलेलं.

घरतांनी पुढं काय झालं म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं. पुढचं काही नव्हतंच. सुंदराबाईंनी त्यापुढचं मनात कधी ठेवूनच घेतलं नव्हतं. त्यांच्यापाशी शेवंता कधी बुडाली नव्हती. ती रोज टोपली घेऊन निघायची आणि आई रोज तिला हाक मारायची, इतकी वर्षं, आणि मेल्यानंतरही.

घरत उठले. डॉक्टरांकडं वळून म्हणाले, "यांचं बंद करा."

रवींद्रला वृषालीनं घरी आणलं. घरतांच्या ट्रस्टनं रोग्यांच्या घरी माणसं पाठवायचं नवं काम सुरू केलं होतं. दोन बाया आळीपाळीनं येत, म्हणून वृषालीचं निभावलं. रवींद्र काही बोलत नव्हता, कुणाला ओळखत नव्हता. पण झोपायचा. आजारपणात इतकी वर्षं जी झोप त्याला नव्हती, ती आता लागायची, गाढ, तोंडावर उजेड पडला तरी न मोडणारी. ती त्याच्या उशाशी बसून राहायची. त्यानं हिवाळा काढला आणि फाल्गुनात एका दुपारी, झोपेतच, तो गेला.

केंद्रातले बाकीचे अकरा तसेच होते. त्यांच्या घरच्यांना विचारलं गेलं होतं आणि एकानंही यंत्र बंद करायला सांगितलं नव्हतं. वडील बोलतायत, हसतायत, आपल्या हातानं जेवतायत, मग आठवण कुणाची का असेना, असं जज्जसाहेबांचा मुलगा म्हणाला होता. वृषालीला त्याचा राग आला नाही. घरतांचे रविवारही चालू होते. नवी इमारत उभी राहत होती. तिथं आणखी रोगी घेणार होते आणि वेगळी चाल सापडेपर्यंत त्यांनाही हीच देणार होते.

तेराव्यानंतर काही दिवसांनी वृषाली तिथं गेली, रोग्यांचे केस कापून द्यायला. डॉक्टरांनी बोलावलं होतं आणि तिलाही घरात बसवत नव्हतं. जज्जसाहेबांना तिनं खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. या माणसाशी ती आजवर कधी बोलली नव्हती. तिचा नवरा कोण, तो कधी गेला, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

पहिली बट कापली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"तो झोपला का गो नीट?"

ते कसं कळलं, याला शास्त्रीय उत्तर होतं. रवींद्रचं यंत्र बंद होण्याआधी जे जे शिकलं होतं, ते त्यानं संगणकाला कळवलं होतं आणि तिथून ते सगळ्यांकडं गेलं होतं. डॉक्टरांनी नंतर ते समजावलंही. पण त्या क्षणी वृषालीला फक्त ते डोळे दिसत होते. निंबाळकरांचे डोळे, पिंगट, पाणावलेले, आणि त्यांतून पाहणारी ती बाई.

"झोपले," ती म्हणाली.

"बरं झालं." मनगटावरची बोटं सुटली नाहीत. "आणि मला कधी?"

शेजारच्या खुर्चीवर कुंभार मॅडम होत्या. त्यांनी मान वळवली. त्यांच्या पलीकडच्यानंही वळवली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत एकेक मान वळत गेली. सगळे तिच्याकडं बघत होते, उत्तराची वाट बघत.

वृषालीनं जज्जसाहेबांची बोटं हळूच सोडवली. कात्री मिटून ठेवली. अंगणात उतरून ती फाटकापर्यंत गेली, तिथं उभं राहून तिनं घरतांना फोन लावला. त्यांनी लगेच उचलला. काय झालं ताई, असं विचारलं. व्हरांड्याकडं पाठ करून उभी असली तरी तिला ते बघणं कळत होतं.

"तुमची आई दमलीय," ती म्हणाली.